कुलूपबंद केंद्र, धावतं गाव

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात पुतणीच्या गावी गेलो, तेव्हा अग्निशमन केंद्राला चक्क कुलूप होतं. लाल दार खाली ओढलेलं, आत चिटपाखरू नाही. माझा सगळा जन्म छत्तीसगडमधल्या भिलाई-३मध्ये गेला. पोलाद कारखान्याचं दल तिन्ही पाळ्यांत जागं असलेलं पाहत आलो. ९ ऑक्टोबर २०१८ला कोक ओव्हनजवळच्या गॅसवाहिनीत भडका उडाला, तेव्हा मेलेल्यांमध्ये अग्निशमन दलाचीही माणसं होती. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. म्हणून ते कुलूप पाहून छातीत धस्स झालं.

पुतणी म्हणाली, "काका, माणसं आहेत की! तो पाववाला, ती शाळेतली बाई, गॅरेजवाला. कमरेला लावलेलं हाकेचं यंत्र वाजलं की पाच मिनिटांत इथे."

हे खरं असेल यावर विश्वास बसेना. पण डेव्हन आणि सॉमरसेटचं दल २००७मध्ये एक झालं, त्याच्या ऐंशीहून अधिक केंद्रांपैकी बहुतेक अशीच आहेत. राहणं किंवा काम केंद्रापासून काही मिनिटांवर हवं, ही पहिली अट. हाकेसाठी तयार राहण्याचं मानधन, शिवाय प्रत्येक हाकेचे वेगळे पैसे. आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची.

त्या संध्याकाळी मला आत जाऊ दिलं. भिंतीलगत बुटांची रांग होती आणि प्रत्येक जोडावर विजार आधीच गुंडाळून चढवलेली. पाय बुटात घातले, विजार वर ओढली, की माणूस निम्मा तयार. मी कितीतरी वेळ त्या बुटांकडेच बघत राहिलो. चार जण जमल्याशिवाय बंब निघत नाही, हेही तिथेच कळलं. दिवसा तरुण मंडळी कामाला शहरात जातात, मग कधी चौथा माणूस मिळत नाही आणि पलीकडच्या गावाचा बंब बोलवावा लागतो. ही त्यांची मोठी काळजी आहे.

आणि कामं तरी किती तऱ्हांची! हिवाळ्यात धुरांड्यात साचलेली काजळी पेटते. एकात एक दांडे जोडत खालून वर सारायचे आणि टोकाच्या तोटीतून बेतानं पाणी सोडायचं, म्हणजे घर भिजत नाही. शेणाच्या टाकीत पडलेली गाय पट्टे बांधून वर काढायची. वळणावर चेपलेल्या मोटारीचा पत्रा कापून माणूस सोडवायचा. कुणाच्या हृदयानं दगा दिला आणि रुग्णवाहिका लांब असली, तर विजेचा झटका देणारं यंत्र घेऊन काही केंद्रांतली हीच माणसं धावतात.

सगळ्यांत अवघड म्हणजे गवतानं शाकारलेली घरं. डेव्हनमध्ये ती पुष्कळ. छपराचा वरचा थर पावसासाठीच रचलेला, त्यामुळे बंबाचं पाणीही तो ओघळून टाकतो आणि आग आतल्या आत सरकत जाते. मग पुढे जाऊन छप्पर आडवं कापायचं, आकड्यांनी गवत ओढून खाली पाडायचं. तोवर बाकीचे घरातलं सामान बाहेर आणतात, फोटोसुद्धा.

हे ऐकताना आमच्याकडचा पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, आठवला. भिलाईजवळच्या पाटणच्या बाजूला धान झोडपल्यावर खळ्यात रचलेला हा पेंढा उन्हाळ्यात पेटतो आणि शहरातून बंब येईपर्यंत सगळा गाव बादल्या घेऊन उभा असतो. धावण्यात आपली माणसं कुठेच कमी नाहीत. महाराष्ट्रात पुणे, अहिल्यानगर, नाशिककडे ग्रामसुरक्षा यंत्रणेनं एका फोनवर अख्ख्या गावाला हाक जाते. चोर असो, बिबट्या असो, आग असो. म्हणजे हाकही आहे आणि धावणारेही आहेत. हात मात्र रिकामे.

हे सांगितल्यावर तिथल्या सरावप्रमुख बाईंनी विचारलं, तुमच्या गावांकडे पाणी नेतात कशातून? मी म्हणालो, उन्हाळ्यात ट्रॅक्टरला जोडलेल्या टँकरमधून. त्या लगेच म्हणाल्या, मग त्यावर पंप बसवा, नळी द्या, आणि दर आठवड्याला सराव घ्या.

परतल्यावर मी हेच मांडत फिरतो आहे. टँकर बहुतेक ठिकाणी आहेच. पंप, नळी, सहा जोड बूट आणि शिरस्त्राणं, आणि धावणाऱ्याची त्या दिवसाची बुडालेली मजुरी, एवढं पंचायतीनं द्यावं. मजुरीवर सगळ्यांत जास्त वाद होतो, पण मी ती सोडणार नाही. रोजावर जगणारा पोरगा रोज बुडवून किती वेळा धावेल?