जोर लावू नका

"मशीन कापतच नाही जी, भाऊ. इंजिन गेलं वाटते." अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी इंजिनाला हातही लावत नाही. भुसा कसा पडतो, एवढंच विचारतो. चेनसॉची धारदार चेन पोह्यांएवढे तुकडे उडवते. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट झाली. मग माणूस मशीन दाबतो, चेन ज्यावर फिरते तो बार तापतो, क्लच जळतो आणि खरोखरच इंजिनाचं काम निघतं.

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा संत्र्याचा पट्टा. माझ्याकडे येणारे बहुतेक चेनसॉ बागेतलेच. डिंक्या रोगानं झाडं वाळली किंवा बाग म्हातारी झाली की ती काढावी लागते. बुंधे जळणाला जातात, आणि ते वाहणाऱ्या पिकअपही बागेइतक्याच म्हाताऱ्या. म्हणून दोन्ही दुरुस्त्या एकाच छपराखाली.

संत्र्याचं लाकूड टणक, पण धार घालवते ती माती. जंभेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमाच्या बुंध्यावर बोर्डो पेस्टचा थर असतो आणि पावसात उडालेली माती त्यावर घट्ट बसते. कोयत्यानं तेवढा पट्टा आधी खरवडून घ्यावा. जमिनीलगत कापताना चेन मातीत गेली, तर दिवसभराची धार क्षणात जाते. बांधावरच्या बाभळीत जुनी तार गिळलेली असते, तिथं तर दातच तुटतो.

धार लावायला गोल कानस लागते. लहान मशीनच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची, .३२५ चेनला ४.८ मिमीची. कोन बहुतेक चेनला ३० अंश. कानस पुढे ढकलताना टेकवायची, मागे आणताना उचलायची. सगळे दात सर्वांत आखूड दाताएवढे करायचे. नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. एवढं बरेच जण करतात. प्रत्येक दातापुढं जे बुटकं टोक असतं, ते मात्र विसरतात. दात किती खोल शिरेल हे तेच ठरवतं. कानस मारून मारून दात खाली येतो, टोक तसंच उंच राहतं आणि धार असूनही दात लाकडाला टेकत नाही. चपट्या कानसेनं ते साधारण ०.६५ मिमी खाली ठेवायचं. जास्त घासलं तर मशीन लाकडात अडकून झटका देतं. हा दात १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या जो कॉक्स या लाकूडतोड्यानं घडवला, तो लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून. अळी दाबत नाही, कुरतडते.

पिकअपमधून काढलेलं जळकं ऑइल चेनसॉच्या टाकीत ओतायची इकडं फार हौस. फुकटचं म्हणून. त्यातला धातूचा बारीक कण मशीनचा ऑइल पंप खातो. बार आणि चेन कोरडी पडली की पुन्हा दाबादाबी सुरू.

आता गाडीकडे. टाटा ४०७ आली १९८६ मध्ये, छोटा हत्ती २००५ मध्ये. नीट ठेवलेली ४०७ आजही माल ओढते. तिला मारतं ते ओझं. लोक डोळ्यांनी भरतात, आणि ओल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं, हे डोळ्यांना दिसत नाही. पाटे सपाट होतात, सेंटर बोल्ट तुटतो, शॅकलचे बुश झिजून गाडी तिरपी चालते. सिल्लेवानी घाट चढताना काळा धूर निघाला की ड्रायव्हर ॲक्सिलेटर आणखी दाबतो. अहो, आधी एअर क्लीनर उघडा; बागेच्या रस्त्याची धूळ त्यात भरलेली असते. थंडीत गाडी उठत नाही म्हणून बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारू नका. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा, लाइनमधली हवा काढा. उतारावर नुसत्या ब्रेकवर येऊ नका, चढलेल्याच गिअरमध्ये उतरा.

आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. तेव्हा रंग मारून गाडी आणणारे पुष्कळ, ग्रीस मारून आणणारे थोडे. मी रंगाकडे बघत नाही.

या हंगामात मूठ असलेली एक गोल कानस विकत घ्या. पेट्रोल भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारा, आणि लाकूड महिनाभर उन्हात वाळवून मगच गाडीत भरा. माझी गिऱ्हाइकं कमी झाली तरी चालतील.