बिनपगारी रजा आणि यादीतला क्रमांक

आम्हा कारकुनांच्या आयुष्यात दोन गोष्टी फार मोठ्या. एक पहिली तारीख आणि दुसरी ज्येष्ठता यादी. म्हणूनच २०२१च्या पोळ्याला सौंसरला गेलो असताना मेव्हणीच्या मुलाने जो प्रश्न पुढे टाकला, तो विमानाचा असूनही मला परका वाटला नाही.

सौंसर माझी सासुरवाडी. मध्य प्रदेशात असली तरी बोली मराठीच, नागपुरी वळणाची. भोवती संत्र्याच्या बागा. शेजारी पांढुर्णा, जिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. अशा गावातला पोरगा एअरबसवर सहवैमानिक झाला याचं घरात केवढं कौतुक! पण २०२०च्या टाळेबंदीत विमानं जमिनीवर आली आणि कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर पाठवलं. दीड वर्ष होत आलं तरी बोलावणं नाही. शिक्षणाचं कर्ज मात्र रजेवर गेलं नव्हतं.

आता छोटी, पन्नास आसनांची जेट विमानं उडवणाऱ्या एका नव्या कंपनीने त्याला विचारलं होतं. पगार आधीपेक्षा कमी, नव्या विमानाचं प्रशिक्षण आणि त्यासाठी बॉण्ड. पण कॅप्टनची डावी खुर्ची लवकर मिळण्याची शक्यता.

"मावसाजी, गेलो तं जुना नंबर जाते. थांबलो तं घरी बसून नंबर सांभाळाचा. काय करू?"

हा नंबर म्हणजे सगळं काही. कॅप्टन कोण आधी होणार, सुटी कोणाला, कपात आली तर आधी कोण जाणार, हे बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतं. कंपनी बदलली की माणूस पुन्हा यादीच्या तळाशी. १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, तेव्हा कित्येकांची वर्षानुवर्षांची ज्येष्ठता एका रात्रीत शून्य झाली.

अमेरिकेतली गोष्ट तर आणखी विचित्र. यूएस एअरवेजने २००४मध्ये मिडअटलांटिक नावाचा छोट्या जेटचा विभाग सुरू केला. कामावरून कमी केलेले वैमानिक तिथे कमी पगारावर उडू लागले. पुढे कंपनीचं विलीनीकरण झालं. २००७मध्ये लवादाने एकत्रित यादी दिली, तेव्हा कपातीत घरी बसलेले तळाशी गेले. रोज विमान उडवणाऱ्या या मंडळींची गणनाही त्यांच्यातच! तो विभाग तर त्याआधीच बंद झाला होता.

हे ऐकून माझे साडू म्हणाले, "आमच्या बापूंचंही असंच झालं होतं." बापू म्हणजे या पोराचे आजोबा, नागपूरच्या एका कचेरीत कारकून. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. बापूंना भोपाळला पाठवलं. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्यांची एकच यादी झाली आणि बापू मागे पडले. निवृत्त होईपर्यंत ते अर्ज करत राहिले. त्या अर्जांच्या प्रती अजून घरच्या ट्रंकेत आहेत.

मी कारकुनी सल्ला दिला: थांब. राजीनामा देऊ नकोस. रजा ज्येष्ठतेत धरणार का, हे लेखी घे.

साडू बागाईतदार. ते म्हणाले, "झाडाले ताण देतो तो बहार याले. अन् पाणी कधी सोडाचं ते आपल्याले ठाऊक असते. याच्या कंपनीले तरी ठाऊक आहे का?"

पोराने कंपनीला पत्र लिहिलं. "योग्य वेळी कळवू," असं उत्तर आलं. सरकारी नोकरीत हे वाक्य मी स्वतः किती पत्रांखाली टाइप केलं आहे! त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता, तरी मी थांबच म्हणालो.

तो गेला. बॉण्डवर सही करून गेला. जाताना त्याची लॉगबुकं दाखवली. प्रत्येक उड्डाणाचे तास, तारीख, सही. म्हणाला, "मावसाजी, नंबर त्यांचा होता. हे तास माझे आहेत."

२०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून त्यात गेलं. पुन्हा नव्या कचेऱ्या, नव्या याद्या. त्याच वर्षी त्याच्या खांद्यावर चौथी पट्टी आली. फोटो पाहून बायको म्हणाली, "बरं झालं, तुमचं ऐकलं नाही." मी काही बोललो नाही. माझी ज्येष्ठता यादी अजून टेबलाच्या खणात आहे.