भुशीच्या पायऱ्यांवर

गेल्या आषाढांतील एका गुरुवारीं आम्ही सहकुटुंब लोणावळ्यास गेलों होतों. रविवार मुद्दाम टाळला; कारण पावसाळ्यांतील रविवारीं तेथें पाण्यापेक्षां माणसांचाच पूर अधिक असतो. सोबत चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. भुशीच्या धरणापाशीं पोहोंचलों तों भिंत भरून वाहत होती व पायऱ्यापायऱ्यांवरून शुभ्र पाणी खालीं उतरत होतें. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, धरणाच्या मागें धबधबा आहे. सगळे तिकडेच चाललेत. आपणही जाऊं या ना!" आम्ही "नाहीं" म्हणालों, आणि तें जरा अधिकच कठोरपणें. पोर हिरमुसली. त्या कठोरपणाचें कारण वाचकांस सांगावें, म्हणून हा लेख.

हें धरण मौजेसाठीं बांधलेलें नव्हे. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. वाफेच्या इंजिनांस पाणी फार लागे. त्याची बेगमी म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीनें इंद्रायणीवर ही दगडी भिंत घातली. पुढें १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनानें धावूं लागली आणि वाफेच्या इंजिनांचें युगही यथाकाल संपलें. इंजिनें गेलीं, भिंत राहिली. आतां मुंबई-पुण्याचीं माणसें तिच्या पायऱ्यांवर बसून भिजतात, मक्याचीं कणसें खातात, छायाचित्रें काढतात. जुन्या वास्तूस असा नवा उपयोग लाभावा, यांत आम्हांस कांहींच गैर वाटत नाहीं.

धरणाचा धोका म्हटला कीं आम्हां पुणेकरांस १२ जुलै १९६१ चें पानशेत आठवतें. पानशेतचा मातीचा बांध फुटला, खडकवासल्याची भिंतही त्या लोंढ्यापुढें टिकली नाहीं आणि नदीकांठचें पुणें पाण्याखालीं गेलें. आमच्या मातोश्री तो दिवस अखेरपर्यंत विसरल्या नाहींत. त्यामुळें 'भिंत पक्की आहे ना?' एवढेंच विचारून स्वस्थ होण्याची आम्हांस संवय जडली आहे. भुशीचा धोका मात्र भिंतीच्या मागें, डोंगरांत असतो. मोठ्या धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वीं भोंगा वाजतो, नदीकांठीं इशारा जातो. येथें भिंत भरली कीं पाणी आपल्या आपण सांडूं लागतें. तें कोणी सोडीत नाहीं, म्हणून इशाराही कोणी देत नाहीं. वरच्या डोंगरांत जोराची सर कोसळली कीं खालचा ओढा पाहतां पाहतां फुगतो. मग खालीं ऊन का पडलेलें असेना!

रविवार, ३० जून २०२४ रोजीं हेंच घडलें. धरणामागच्या धबधब्यांत एक कुटुंब खडकावर उभें होतें. लोंढा वाढला तशीं तीं माणसें एकमेकांस घट्ट धरून राहिलीं. पण पाण्यापुढें तो आधार पुरला नाहीं. पांच जणांचा अंत झाला. त्यांत चार बालकें होतीं. भिंत त्या दिवशींही जशीच्या तशी उभी होती.

आतां आमच्या नकाराचें कारण. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गाची सहल घेऊन आम्ही याच पायऱ्यांवर आलों होतों. एका मुलाचा पाय शेवाळावरून सरकला आणि तो चारपांच पायऱ्या गडगडत खालीं आला. आम्ही योगायोगानेंच खालच्या पायरीवर होतों. त्याच्या सदऱ्याची कॉलर आमच्या मुठींत आली. मुलगा उठून हंसला, वर्ग हंसला आणि आम्हीही हंसलों. मात्र परततांना गाडींत त्यास हळूच म्हणालों, "घरीं सांगूं नकोस हं." त्यानें शब्द पाळला. गुरूनें शिष्यास आपली चूक झांकावयास शिकविलें, तो आमचा एक धडा आम्ही कोठें नोंदविला नाहीं. परंतु जून २०२४ ची ती वार्ता वाचल्यापासून ती कॉलर पुनः पुनः हातांत येते; आणि कित्येकदां सुटतेही.

संस्कृतांत बांधास 'सेतु' म्हणतात. पुलासही तोच शब्द आहे आणि मर्यादेसही. पाण्याची मर्यादा दगडांनीं बांधतां येते. पोरांची मर्यादा घरच्या वडिलांनीं बांधावयाची असते. त्या दुर्घटनेनंतर सरकारनें निर्बंध घातले, तें योग्यच झालें. पण शिपाई प्रत्येक खडकापाशीं उभा राहूं शकत नाहीं. यासाठीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बसावें तें कडेच्या पायरीवर. ओढ्याच्या मधल्या खडकावर कधींही जाऊं नये. पाणी गढूळ झालें, काटक्या व पालापाचोळा वाहूं लागला किंवा आवाज वाढला, तर सामानाचा मोह सोडून तत्काळ कांठावर चढावें. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धिप्पाड माणसास पाडतें.

त्या दिवशीं कडेच्या पायरीवर कणसें खातां खातां हा सर्व वृत्तांत आम्ही नातवंडांस सांगितला. नातीनें एवढेंच विचारलें, "मग आजोबा, त्या मुलाच्या आईला अजून माहीत नाहीं?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं येतांच जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करून त्या गृहस्थांचा पत्ता मिळविला. त्यांच्या मातोश्री हयात आहेत. हा लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वीं त्या माउलीस आम्ही पत्र टाकलें आहे.