दोनशे आणि आठ

तसं मला गाड्यांमधलं फारसं कळत नाही. पण नॉर्थ कॅरोलायनात राहायचं आणि पेटी हे आडनाव ऐकायचं नाही, म्हणजे पुण्यात राहून चितळे न ऐकण्यासारखं. आईला फोनवर हे आडनाव सांगितलं तर ती म्हणाली, "पेटी? वाजवतात की काय?" नाही आई, पळवतात :)

तर मंडळी, स्टॉक कार म्हणजे दिसायला आपल्यासारख्यांच्या दारातली गाडी, पण आतून शर्यतीसाठी बांधलेली. चाळीसेक गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून लंबगोल ट्रॅकवर शेकडो फेऱ्या मारतात. सुरुवातीला खरोखरच दारातली गाडी पळवत. १९४९ साली शार्लटला पहिली शर्यत झाली, तेव्हा ली पेटी हे गृहस्थ उसनी ब्युइक घेऊन उतरले आणि ती उलटवून बसले! पुढे ह्याच माणसाने तीन अजिंक्यपदं मिळवली आणि १९५९ची पहिली डेटोना ५०० जिंकली. त्याच वर्षी अटलांटाला त्यांचा मुलगा रिचर्ड पहिला आला असं जाहीर झालं, तर लींनी तक्रार केली, की ह्याची एक फेरी कमी भरते. फेऱ्या परत मोजल्या. विजेते ठरले वडील. घरातली शिस्त ही अशी.

तो रिचर्ड पुढे 'किंग' झाला. २०० विजय, सात अजिंक्यपदं. एकट्या १९६७ मध्ये २७ शर्यती जिंकल्या, त्यातल्या दहा ओळीने.

आणि मग काइल, म्हणजे रिचर्डचा मुलगा. मला खरं त्याच्याबद्दलच लिहायचंय. १९७९ मध्ये, अठराव्या वर्षी, डेटोनाला तो आयुष्यातली पहिलीच शर्यत जिंकला. लोकांना वाटलं, झालं, दुसरा राजा आला! पण नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतला पहिला विजय यायला १९८६ उजाडलं. रिचमंडला शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना पुढचे एकमेकांवर आदळले आणि मागून आलेला काइल जिंकला. मध्येच केस वाढवले, गायक व्हायचा प्रयत्नही करून पाहिला. १९९२ आणि ९३ ला वर्षाअखेर पाचवा आला. शेवटचा विजय १९९५चा. २००८ मध्ये थांबला तेव्हा हिशोब होता ८२९ शर्यती, आठ विजय.

आठ! वडिलांचे दोनशे.

हे आकडे वाचले की मला आमचा दादा आठवतो. आजोबांनी सुरू केलेलं गॅरेज, काकांनी त्याचं नाव केलं. काका इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचे. आता दादा चालवतो. जुनी गिऱ्हाइकं त्याच्या तोंडावर म्हणतात, "अण्णांचा हात नाही हो." आणि पुढच्या महिन्यात गाडी परत त्याच्याकडेच आणतात! दादा हसतो आणि कामाला लागतो. हल्ली घरात विषय निघालाय, दहावीतल्या चिरंजीवांना गॅरेजमध्ये घ्यायचं का. सगळे बोलतात, दादा बोलत नाही.

काइलसमोरही हा प्रश्न आलाच असणार. त्याचा मुलगा अ‍ॅडम, चौथी पिढी, ४५ नंबरची गाडी. २ एप्रिल २००० ला टेक्सासमध्ये तो सर्वोच्च मालिकेत उतरला. तीनच दिवसांनी पणजोबा ली गेले. आणि १२ मे ला न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सराव करताना गाडी भिंतीवर आदळून अ‍ॅडम गेला. एकोणीस वर्षांचा होता.

पुढे काय करतो माणूस? काइलने मुलाचा ४५ नंबर स्वतःच्या गाडीवर घेतला आणि पळवत राहिला. आजारी मुलांसाठी शिबिराची जागा काढायची अ‍ॅडमची इच्छा होती. रिचर्ड आणि लिंडा ह्या आजी-आजोबांनी रँडलमनजवळची आपली जमीन दिली आणि २००४ मध्ये तिथे व्हिक्टरी जंक्शन सुरू झालं. गंभीर आणि दीर्घ आजारांची मुलं तिथे येऊन राहतात, पोहतात, घोड्यावर बसतात. एक पैसा घेत नाहीत. एक इमारत तर चक्क रेसकारच्या आकाराची आहे.

घराण्याचं नाव मिळतं ते आयतं. त्याला शोभायचं, म्हणजे मागच्यांच्या आकड्याला आकडा लावायचा, असं आपण उगाच धरून चालतो. कुणी नाव कमावतं, कुणी ते पडू न देता पुढच्याच्या हातात ठेवतं. हे दुसरं काम मोजता येत नाही, म्हणून त्याचे ट्रॉफी-बिल्ले नसतात इतकंच.

काइलचे विजय आठच. व्हिक्टरी जंक्शनला आलेल्या मुलांना मात्र तो आकडा विचारून बघा. त्यांना ठाऊकही नसेल.