रिकामी खाच

मोर्णाकाठच्या जुन्या शहरात आमचे बालपण कापसाचे भाव ऐकत गेले. २०२५ सालच्या दिवाळीपूर्वी मात्र घरात भाव निघाला तो प्रोसेसरचा. धाकट्यास संगणकशास्त्र शिकायचे होते. सुटे भाग आणून जोडलेला संगणक तयार यंत्राहून स्वस्त पडतो, हा आमचा जुना अनुभव. दुकानदारांकडून अंदाजपत्रक लिहून आणले आणि कापूस विकेपर्यंत थांबलो.

डिसेंबरात तो कागद घेऊन गेलो, तर दुकानदार हसले. “भाऊ, हा कागद आता जुना झाला. प्रोसेसर चढला अन् मेमरीचं तर विचारूच नका!” कारखान्यांनी मेमरीचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे वळविला होता. त्यातच त्या महिन्यात डॉलर ९० रुपयांपलीकडे गेला. प्रोसेसर परदेशचा, त्याचा भाव डॉलरला बांधलेला. वर १८ टक्के कर आहेच.

इकडे कापसावरील आयातशुल्क सरकारने ऑगस्टातच वर्षअखेरपर्यंत उठविले होते. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल. आमच्या पदरी पडले ते त्याहून कमी. बाहेरचा कापूस स्वस्तात आत आला, बाहेरची चिप महाग होऊन आली. तक्रार करावी तरी कोणाकडे?

नाताळच्या सुटीत धाकट्यानेच तोड काढली. “बाबा, प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊ, पण मदरबोर्ड असा, की पुढे बदलता येईल.” मेमरीच्या दोन खाचांपैकी एकच भरली.

दुसरी तूर विकल्यावर भरायची असे ठरले.