धारूरच्या डोंगरातले डोळे

तेलगावकडून धारूरला जाणारी एस. टी. घाट चढू लागली, की गोदावरीच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन मागे पडते आणि बालाघाटचा खडकाळ मुरूम सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास हा प्रवास करावा. दोन्ही अंगांच्या उतारांवर सीताफळीची झुडपे हिरवी असतात, आणि वळणावळणावर पाट्या मांडून बायामुले बसलेली दिसतात.

धारूर म्हटले की लिहिणारा आधी किल्ल्यावर जातो. तो आहेही बघण्यासारखा. विजापूरच्या आदिलशाहीतील किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास तो उभारला. पुढे निजामशाहीकडे गेला आणि १६३१ साली मोगलांनी घेतला. तीन बाजूंना दरी, एका बाजूला खंदक. परंतु माझे लक्ष वेधले ते जुन्या तटांच्या कायमच्या शत्रूने, म्हणजे भेगेतून उगवणाऱ्या पिंपळाने. तोफेने न पडलेला बुरूज पिंपळ पाडतो. तो वरून कितीही तोडा. दगडात मुळाचा तुकडा राहिला, की पुढच्या पावसाळ्यात तांबूस पालवी हजर! आपला पाय तुटला तर नवा येत नाही, मग झाडालाच हे कसे साधते?

आपल्या भाषेत कोंब फुटण्याच्या जागेला ‘डोळा’ म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे, कारण हे डोळे बहुधा मिटलेले असतात. शेंडा जागा असेपर्यंत तो वरून खाली एक रस पाठवून बाजूच्या डोळ्यांना निजवून ठेवतो. शेंडा छाटला की धाक संपला आणि डोळे उघडले. सीताफळीत तर आणखी एक गंमत आहे. तिचा डोळा पानाच्या देठाच्या पोकळ बुडाखाली, टोपडे घातल्यासारखा झाकलेला असतो. पान गळल्यावाचून तो दिसत नाही आणि फुटतही नाही. म्हणून बागाईतदार उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, पाने झडू देतात, छाटणी करतात आणि मग पाणी सोडतात. नवी फूट येते, तिच्याबरोबर फूल येते. डोंगरावरच्या रानटी झाडांचा ताण देवच सांभाळतो. या झाडाच्या पाल्याला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, म्हणून ते अशा उजाड माळावर टिकते.

मात्र डोंगरातल्या एखाद्या झाडाचे फळ फार गोड लागले, तरी त्याची बी पेरून तेच झाड मिळेल याची हमी नाही. बी दोन झाडांच्या संकरातून आलेली असू शकते. तीच गोडी हवी तर त्याच झाडाच्या देहाचा तुकडा घ्यावा लागतो. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. तेथे निवडलेल्या एका वाणाचे नावच ‘धारूर ६’. अशा वाणाची प्रत्येक कलम ही मूळ झाडाचीच फांदी होय, दुसऱ्याच्या मुळावर उभी असलेली. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

कलम बांधताना पाहावे. बीपासून केलेल्या रोपाचा शेंडा उडवून खोडाला चीर देतात. तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात आणि पट्टीने आवळतात. सालीखालचा ओला हिरवट थर थराला भिडला पाहिजे, हीच खरी मख्खी. जखमेच्या कडेच्या पेशी आपले ठरलेले काम विसरतात आणि नुसत्या वाढत सुटतात. त्यांचा मऊ गोळा होतो, त्याला कॅलस म्हणतात. मग त्याच गोळ्यातून पाणी नेणाऱ्या नळ्या घडतात आणि दोन झाडांचे एक होते. असा गोळा बाटलीतही वाढवता येतो. १९५७ साली अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या गरावर दाखवून दिले, की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले तर त्याच गोळ्याला कधी मुळे फुटतात, कधी कोंब. आज आपल्या घरी येणारी कितीतरी केळी याच विद्येने वाढवलेल्या रोपांची असतात.

धारूरचा या विद्येशी दुसराही संबंध आहे, आणि तो गोड नाही. सीताफळे संपता संपता तालुक्यातल्या अनेक घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने! ऊस अगदी जमिनीलगत तोडायचा असतो. एक तर बुडख्यातच साखर अधिक. दुसरे म्हणजे जमिनीखालच्या कांड्यांवरचे डोळे जोमदार असतात, त्यांतूनच खोडव्याचे पीक उभे राहते. उंचावर तोडले तर वरचे डोळे फुटतात आणि फुटवा कमजोर निघतो. म्हणजे पुढच्या वर्षीचा खोडवा धारूरच्या एखाद्या बाईच्या वाकलेल्या कंबरेवर अवलंबून असतो. तिला मजुरी मिळते ती या वर्षीच्या टनावर. खोडव्यात तिचा वाटा नाही.

२०१९ साली राज्य शासनाने या बायांच्या प्रश्नावर समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या. आजारपणाचा खाडा पडला की मजुरी जाते, वर दंड बसतो. मग दुखणेच नको म्हणून शस्त्रक्रिया, आणि तिच्यासाठी पुन्हा उचल. उसाचे बुडखे फुटते, सीताफळीची छाटलेली फांदी फुटते. येथे कापलेले परत येत नाही.

घाट उतरताना पाटीवाल्या बाईकडून सीताफळे घेतली. तिने फळ हातात फिरवून दाखवले. खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढुरक्या झाल्या, की ‘डोळे उघडले’ म्हणायचे. असे फळ दोनतीन दिवसांत पिकते. मिटल्या डोळ्यांचे घेऊ नका, असे तिने बजावले. पाडव्यानंतर येऊ नका, असेही म्हणाली. तोवर तिची टोळी निघालेली असणार होती.