उलटी उतरंड

मराठीत आकाशाला जोडून येणारे विशेषण बहुधा 'मोकळे' हेच असते. घर कोंदट, गल्ली अरुंद, गाव संकुचित. आकाश मात्र मोकळे. लहान विमान चालवायला शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात जो नकाशा पडतो, तो या विशेषणाची पुरती वासलात लावतो. मोठ्या शहरावरचे आकाश त्या शहराहूनही अधिक आखलेले असते. निळ्या-जांभळ्या वर्तुळांनी, तुटक रेषांनी आणि उंचीच्या आकड्यांनी ते इतके भरलेले असते की, खालचे शहर नकाशात शोधावे लागते. जमिनीवरच्या भिंती दिसतात, या दिसत नाहीत, इतकेच.

न्यूयॉर्कचे उदाहरण घेतो, कारण गेली बरीच वर्षे मी शेजारच्या न्यू जर्सीत राहतो आणि सवडीच्या दिवशी तिथल्या एका छोट्या धावपट्टीवरून भाड्याचे सेस्ना १७२ उडवतो. चार आसने, एक इंजिन, ताशी सुमारे ११० सागरी मैलांचा वेग. या जातीचे पहिले विमान १९५५ साली उडाले आणि तेव्हापासून चाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. विमानांच्या जगातली ही सायकलच म्हणायची. या सायकलीच्या वाटेवर केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क असे तीन प्रचंड विमानतळ एकमेकांना खेटून उभे आहेत. त्या तिघांभोवतीची जी हवाई हद्द, तिला 'क्लास बी' म्हणतात. रेडिओच्या बोलीत 'ब्राव्हो'. तिच्या आकाराला अमेरिकन वैमानिक उलट्या ठेवलेल्या लग्नाच्या केकची उपमा देतात. मला आठवते ती आजोळच्या माजघरातली उतरंड. ती मनातल्या मनात उलटी करून पाहावी. तळाशी विमानतळाला बिलगलेले अरुंद मडके, त्यावर अधिक रुंद, त्यावर त्याहून रुंद, असे करत शेवटचे सात हजार फुटांवर संपते. मोठी विमाने या मडक्यांच्या पोटातून चढतात-उतरतात. लहान विमानाने काठांच्या खालून वाकून जावे, नाहीतर आत येण्याची परवानगी मागावी.

ही परवानगी मागण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. इतर काही नियंत्रित हद्दींत नियंत्रकाने तुमच्या विमानाचे नाव घेऊन उत्तर दिले, की संवाद जुळला असे मानतात आणि तुम्ही आत जाऊ शकता. ब्राव्होत तसे चालत नाही. 'क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो' हे शब्द स्पष्टपणे कानावर पडावे लागतात. नियंत्रक प्रेमाने बोलला, हवेच्या दाबाचा आकडा सांगितला, तरी ते शब्द उच्चारले गेले नाहीत तोवर तुम्ही उंबऱ्याबाहेरच. आणि त्याने जे सांगितले ते तुम्ही परत म्हणून दाखवायचे. उंची, दिशा, पुढच्या नियंत्रकाची वारंवारिता, सारे काही जसेच्या तसे.

२०२२ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, शनिवारी, माझी मोठी बहीण शेजारच्या आसनावर होती. सांगलीच्या शाळेत तिने आयुष्यभर संस्कृत शिकवले. कानांवर हेडसेट चढवून ती बराच वेळ मुकाट्याने ऐकत होती. मग म्हणाली, "तो सांगतो तेच तू परत का म्हणतोस? त्याला ऐकू आलेलं नाही का?"

"मला बरोबर ऐकू आलं की नाही, हे त्याला कळायला हवं, ताई."

"म्हणजे संथाच की रे ही!"

मला इतक्या वर्षांत हे सुचले नव्हते. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने ते परत म्हणायचे. स्वर चुकला तर गुरूने तिथेच थांबवायचे. अर्थाआधी उच्चार शुद्ध हवा हा जुना आग्रह आकाशात इतक्या काटेकोरपणे पाळला जात असेल, याची कल्पना आमच्या वेदपाठशाळांना खचितच नसणार.

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला घरी जाण्याचा सण. आपल्याकडे दिवाळीत एसटीच्या स्थानकावर जी तोबा गर्दी उसळते, तिचे रूप इथे त्या आठवड्यात विमानतळांवर पाहावे. त्या दुपारी रेडिओवर नियंत्रकाचा आवाज अखंड चालू होता. एकाला वळण, दुसऱ्याला उंची, तिसऱ्याला वेग कमी करण्याची सूचना. दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याइतकीच फट. त्या फटीत आपले वाक्य नेमके बसवायचे. मी कोण, कुठे, किती उंचीवर, आणि हडसन नदीवरून उत्तरेकडे ब्राव्होतून जाण्याची विनंती.

मी विनंती करण्याचा अधिकारी होतो, यात शंका नाही. नौकानयनाला नद्या जशा सर्वांच्या, तसे उड्डाणयोग्य आकाशातून जाण्या-येण्याचा सार्वजनिक हक्क अमेरिकन कायदा नागरिकांना देतो. नियंत्रकांच्या नियमावलीतले तत्त्वही 'प्रथम येईल त्यास प्रथम' असेच आहे. मात्र त्याला 'परिस्थितीनुसार' अशी पुस्ती जोडलेली आहे. इंधनावरच्या करापलीकडे या सेवेचे वेगळे मोल माझ्यासारख्याकडून कोणी घेत नाही. पण हक्क आणि औचित्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या फटीत मी बोलत असताना कुठल्यातरी विमानातले दोनशे लोक, आजीकडे निघालेली नातवंडे, ताटकळणारे जावई, माझे वाक्य संपण्याची वाट पाहत होते. त्यांना ते ठाऊक नव्हते. मला होते.

उत्तर एका शब्दाचे आले : 'अनेबल'. पुढे ब्राव्होच्या बाहेर राहण्याची सूचना. मी ती परत म्हटली.

"नाही म्हणाला?" ताईने विचारले.

"हो."

"का ते सांगितलं नाही. आणि तूही विचारलं नाहीस!"

रेडिओच्या परिभाषेतला हा सर्वांत सभ्य शब्द असावा, असे मला वाटत आले आहे. त्यात दिलगिरी नाही, तुच्छता नाही, कारणमीमांसा नाही. 'जमणार नाही' एवढेच. विशेष म्हणजे हा शब्द दोन्ही बाजूंचा आहे. नियंत्रकाने ढगात शिरायला सांगितले, झेपणार नाही असा वेग मागितला, तर पन्नास तास उडालेला नवशिका वैमानिकही त्याला 'अनेबल' म्हणू शकतो, आणि नियंत्रक दुसरा मार्ग शोधतो. आपल्या कचेऱ्यांत, घरांत, नकार देणारा सहसा एकाच बाजूला बसलेला असतो. इथे तो दोघांनाही दिलेला आहे, म्हणून दोघांनाही तो अपमान न वाटता ऐकता येतो.

परवानगी नसली तरी हडसनवरून जाण्याचा दुसरा मार्ग असतो. न्यूयॉर्कच्या या उलट्या उतरंडीत नदीच्या पात्रावर एक खाच ठेवलेली आहे. तेराशे फुटांखाली, काठांच्या आत, ब्राव्हो नाही. तिथे परवानगी लागत नाही, कारण परवानगी देणाराच कोणी नाही. दोन्ही काठांना गगनचुंबी इमारती, वर मोठ्या विमानांची वाट, आणि मधल्या बोळातून लहान विमाने व हेलिकॉप्टरे आपापसांत सांगून-सवरून जातात. एक ठरलेली वारंवारिता आहे. ठरलेल्या खुणा आल्या की प्रत्येकाने आपण कोण, कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेने चाललो आहोत ते जाहीर करायचे. वेराझानो पूल, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, जर्सी सिटीतले कोलगेटचे घड्याळ, 'इन्ट्रेपिड' ही संग्रहालय झालेली विमानवाहू नौका, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, आणि शेवटी अल्पाइनचा मनोरा. एफएम रेडिओचा जनक एडविन आर्मस्ट्राँग याने उभारलेला. उजवी बाजू सोडायची नाही, १४० सागरी मैलांहून जास्त वेग घ्यायचा नाही, दिवे लावलेले ठेवायचे. थांबे न घेता आरपार जाणाऱ्यांनी हजार फुटांच्या वर राहायचे.

आम्ही बाराशे फुटांवरून गेलो. वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टोक १७७६ फुटांवर आहे. म्हणजे विमानात बसून इमारतीकडे मान वर करून पाहावे लागते. ताई पाहत होती. मी मात्र इमारतींकडे फारसे पाहिले नाही. त्या बोळात वैमानिकाचे डोळे इतर विमाने शोधण्यात गुंतलेले असतात. "पुतळा, उत्तरेकडे, बाराशे," मी म्हणालो. "घड्याळ, दक्षिणेकडे," कोणी बाई म्हणाली. काही सेकंदांनी डावीकडून एक पांढरे विमान सरकत गेले. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिल्याचे सांगितले. एवढाच परिचय.

हे नियम आधीपासून सक्तीचे नव्हते. ८ ऑगस्ट २००९ रोजी, भर दुपारी, स्वच्छ हवेत, याच बोळात एक पायपर विमान आणि पर्यटकांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर ११०० फुटांवर एकमेकांवर आदळले. नऊ माणसे गेली. चौकशीत निघालेल्या गोष्टी कोणत्याही वैमानिकाने पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. नियंत्रक एका खासगी दूरध्वनी संभाषणात गुंतलेला होता. पुढच्या नियंत्रकाची वारंवारिता वैमानिकाने परत म्हणताना आकडा चुकला, आणि ती चूक कोणी दुरुस्त केली नाही. संथा तुटली. 'पाहा आणि टाळा' हे लहान विमानांचे मूळ तत्त्व. पण इमारतींच्या पार्श्वभूमीवर हेलिकॉप्टर वेळेत दिसणेच कठीण होते, असे अहवालाने म्हटले. उंचीची विभागणी, घोषणांची सक्ती हे सारे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आले. आम्ही ज्या शिस्तीत सुखरूप पार झालो, तिची किंमत आधी कोणीतरी मोजलेली होती.

त्यानंतरची वर्षे काही निर्धास्त करणारी नाहीत. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये उतरत्या प्रवासी विमानाला लष्करी हेलिकॉप्टरची धडक बसून ६७ जण मृत्युमुखी पडले. समोरचे विमान दिसत असल्याचे हेलिकॉप्टरमधून नियंत्रकाला कळवले गेले होते. त्याच वर्षी २८ एप्रिलला न्यूअर्ककडे येणारी विमाने सांभाळणाऱ्या नियंत्रकांचे रडारचे पडदे सुमारे ९० सेकंद अंधारले, विमानांशी संपर्क तुटला, आणि त्या धक्क्याने काही नियंत्रक रजेवर गेले. अशा बातम्या आल्या की लहान विमानांना शहरावरून हद्दपार करा, ही मागणी येते. ती अडाणीपणाची नाही. हौसेखातर उडणाऱ्याने थकलेल्या माणसाचे लक्ष का खावे, या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही.

पण हद्दपारीनंतर काय उरते, तेही आपण पाहिलेले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या लहानशा विमानातून. मुंबईच्या आकाशाची सुरुवात अशी एका लहान विमानाने झाली. पुढे जवळच सांताक्रूझ वाढले. दोन्ही इतकी शेजारी की, २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे एक जेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूलाच उतरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आज जुहूवर प्रामुख्याने हेलिकॉप्टरे दिसतात, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला गेले आहे. मुंबईत वाढलेल्या मुलाला विमान म्हणजे तिकीट काढून बसायची वस्तू वाटते. ते आपल्यासारखे कोणी चालवते आणि आपणही चालवू शकू, हे त्याच्या नजरेला पडत नाही. गर्दीमुळे हे अपरिहार्य होते असे म्हणता येईल. तरी गमावले ते गमावलेच.

म्हणून मला तो 'अनेबल' महत्त्वाचा वाटतो. ज्या आकाशातून लहानांना काढूनच टाकले आहे, तिथे तो म्हणावा लागत नाही, कारण विचारणाराच उरत नाही. न्यूयॉर्कच्या नियंत्रकाने सुट्टीच्या गर्दीत, दोन श्वासांच्या फटीत, माझी विनंती ऐकली, तोलली आणि नाकारली. माझा हक्क त्या ऐकण्यात पुरा झाला. मान्य होण्याची हमी त्यात कधीच नव्हती, आणि ती मागू लागलो असतो तर मला तिथे ठेवणे खरोखरच परवडले नसते. आपल्या वाट्याची काळजी मात्र आपण घ्यावी लागते. थोडक्यात बोलावे, ऐकलेले अचूक परत म्हणावे, नकारावर वाद घालू नये, आणि जिथे कोणी पाहत नाही तिथे आपण कुठे आहोत ते स्वतःहून सांगावे.

परतताना नियंत्रक बदललेला होता आणि गर्दी थोडी ओसरली होती. मी पुन्हा विचारले. या वेळी ते चार शब्द आले. मी ते परत म्हणण्याआधीच, हेडसेटमध्ये, ताईने ते हळूच म्हणून टाकले होते.